जमखाना आधी उलटा करून पाहा



आपल्या शाळेत मी गणित शिकवते. क्षेत्रफळाचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर एक खोली काढते, तिच्या मधोमध एक सतरंजी काढते आणि विचारते, "आता मोकळी फरशी किती उरली?" मुले पटापट उत्तर देतात. असे असूनही मागच्या दिवाळीत घरच्या सोप्यासाठी गालिचा आणायला मी खडेबाजारात गेले, तेव्हा मोजायची टेप घरीच राहिली होती. पडद्याशी रंग जुळला, हात फिरवला तर मऊ लागला, आणि मी तो घेऊन आले.

सहा बाय नऊ फुटांचा तो गालिचा सोप्यात अंथरला तर दार उघडेना. दाराची फळी त्याच्या कडेवर घासू लागली. म्हणून मी तो आतल्या बाजूला सरकवला. त्याचा एक कोपरा न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर आला, तिकडे मी लक्ष दिले नाही. चौथ्या दिवशी पहाटे माझ्या सासूबाईंची काठी त्या कोपऱ्यात अडकली. गालिचा गुळगुळीत फरशीवरून सरकला आणि आई पडल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

यात दुकानदाराची काहीच चूक नव्हती. त्याने मी मागितले ते दिले. काय मागायचे हेच मला ठाऊक नव्हते. आई शहापूरच्या विणकर घरातल्या, मागाच्या खटखटाटात वाढलेल्या. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "घेताना उलटा करून बघितलीस काय?"

मी बघितला नव्हता. त्या सहा आठवड्यांत आईंकडून आणि नंतर चार दुकाने पायाखाली घालून जे शिकले, ते तुमच्यासाठी लिहीत आहे.

आधी खोली, मग दुकान

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर खोलीचा आराखडा काढा. लांबी-रुंदी लिहा. दारे कोठे आहेत, ती आत उघडतात की बाहेर, कपाट कोठे आहे, आणि घरातली माणसे कोणत्या वाटेने ये-जा करतात, हे त्यात दाखवा. दार आत उघडत असेल तर त्याची फळी जेवढ्या जागेत फिरते तेवढी जागा मोकळी ठेवायची, किंवा दाराखालून सहज जाईल इतकी पातळ दरी घ्यायची. दाराखालची फट मोजायला आपली पट्टी पुरते.

मग खडू घ्या. जेवढ्या मापाचा गालिचा घ्यावासा वाटतो, तेवढा चौकोन फरशीवर आखा. दोन दिवस तो तसाच राहू द्या आणि घरात नेहमीसारखे वावरा. रेष कोठे पायाखाली येते, खुर्ची ओढताना तिचा पाय रेषेवर येतो का, हे आपोआप कळेल. माझ्या घरी हा खडूचा खर्च एक रुपयासुद्धा आला नसता, आणि आईंचा हात वाचला असता.

माप किती असावे?

बाजारात तयार गालिचे साधारण तीन बाय पाच, चार बाय सहा, पाच बाय आठ, सहा बाय नऊ, आठ बाय दहा फूट अशा मापांत मिळतात. बैठकीच्या खोलीत भिंतीपासून चारी बाजूंनी निदान एक फूट फरशी मोकळी राहिली तर खोली भरल्यासारखी दिसत नाही आणि झाडायलाही सोपे जाते. खोली १० बाय १२ फूट असेल तर प्रत्येक बाजूने १ फूट सोडल्यावर ८ बाय १० फूट उरतात. म्हणजे १२० चौरस फुटांपैकी ८० चौरस फूट झाकले जातात, ४० मोकळे राहतात. पण आत उघडणारे दार असेल तर त्या बाजूला जास्त जागा सोडावी लागेल आणि माप कमी होईल.

सोफा असेल तर त्याचे निदान पुढचे दोन पाय गालिच्यावर यावेत. मग गालिचा जागचा हलत नाही. खोलीच्या मधोमध टपालाच्या तिकिटासारखा दिसणारा लहान तुकडा घेण्यापेक्षा काहीच न घातलेले बरे. निजायच्या खोलीत पलंगाखाली मोठा गालिचा घालून पैसे झाकून ठेवू नयेत. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन अरुंद दऱ्या पुरतात, आणि त्या धुवायलाही सोप्या. जेवणाच्या टेबलाखाली घालायचाच असेल तर टेबलाच्या चारी बाजूंनी दोन-दोन फूट जास्त हवा, नाहीतर खुर्ची मागे घेताना तिचे मागचे पाय कडेखाली उतरतात. पण आमटी आणि मुले दोन्ही असलेल्या घरात तेथे काही न घालणे हेच शहाणपण.

भावाच्या बाबतीत आठवी-नववीच्या मुलांनी घरच्यांना मदत करावी. चार बाय पाच फुटांचा गालिचा २० चौरस फुटांचा. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की आठ बाय दहा, म्हणजे ८० चौरस फूट. माप दुप्पट दिसते, पण माल चौपट लागतो. म्हणून वेगवेगळ्या मापांचे गालिचे तोलताना नेहमी चौरस फुटाचा दर काढून तोलावेत.

पाठ खरे बोलते

आता आईंच्या प्रश्नाकडे येऊ. वरची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते. गालिचा कसा बनला हे त्याची पाठ सांगते.

दरी किंवा सतरंजी असेल तर पाठ आणि पोट सारखेच दिसते. आपल्याकडे जिला जमखाना म्हणतात तीही याच घराण्यातली. तिला लव नसते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे धागे म्हणजे बाणा. रंगीत बाणा इतका घट्ट ठोकून बसवतात की ताणा जवळजवळ दिसतच नाही. ठोकण्याच्या दातेरी लोखंडी हत्याराला पंजा म्हणतात, म्हणून अशा दरीला पंजा दरी असेही नाव आहे. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. एक बाजू मळली की उलटायची.

हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर प्रत्येक गाठ दाण्यासारखी दिसते आणि वरची नक्षी मागेही जवळजवळ तितकीच स्पष्ट असते. त्याची झालर म्हणजे ताण्याचीच टोके. ती गालिच्याच्या अंगातून निघते. यंत्रावरच्या गालिच्याला पुष्कळदा झालर वेगळी शिवलेली असते आणि पाठीवरच्या ओळी आखून काढल्यासारख्या एकसारख्या असतात.

तिसरा प्रकार मी घेतला तो. याच्या पाठीवर एक जाड कापड चिकटवलेले असते, त्यामुळे मागे गाठ दिसतच नाही. अशा गालिच्यात लव बंदुकीसारख्या यंत्राने कापडात टोचतात, ती सुटू नये म्हणून मागून लॅटेक्सचा थर देतात आणि वर दुसरे कापड लावतात. हा गालिचा वाईट असतो असे नाही. तो लवकर तयार होतो, म्हणून स्वस्तही मिळतो. पण काही वर्षांनी लॅटेक्स सुकते, त्याची भुकटी होऊन फरशीवर पडू लागते आणि लव सुटते. असा गालिचा हाताने गाठी मारलेल्याच्या भावात मात्र घेऊ नये.

उलटा केलाच आहे तर आणखी दोन गोष्टी करा. पांढरा हातरुमाल ओला करून पिळा आणि गालिच्याच्या गडद रंगावर घासा. रुमालाला रंग लागला तर तो गालिचा पहिल्याच पावसाळ्यात फरशी रंगवील. मग तो जमिनीवर पसरायला सांगा आणि चारी कोपरे सपाट बसतात का पाहा. कोपरा उचललेला राहत असेल तर घेऊ नका. पायात अडकतो तो कोपराच.

सूत कोणते?

लोकर सगळ्यांत टिकाऊ. पायाखाली दबलेली लव पुन्हा उभी राहते, आणि लोकरीत मुळातच थोडा स्निग्धांश असल्यामुळे सांडलेले पाणी लगेच मुरत नाही. दोष एवढाच की कसर लागते. कापूस थंड, धुण्याजोगा आणि खिशाला परवडणारा. आपल्या हवेत दरीसाठी कापसासारखे दुसरे नाही. ताग दिसायला सुंदर, पण पाणी लागले की डाग पडतात आणि ओलसर राहिला तर बुरशी धरतो. पॉलिप्रॉपिलीनचे गालिचे स्वस्त असतात आणि पाणी शोषत नाहीत, पण ते साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून त्यावर गरम इस्त्री चुकूनही टेकवू नये. 'आर्ट सिल्क' किंवा 'बांबू सिल्क' म्हणून जे चमकदार गालिचे दाखवतात, ते बहुधा व्हिस्कोजचे असतात. व्हिस्कोज ओले झाले की दुबळे पडते. चहाचा कप सांडणाऱ्या घरात ते नको.

दुकानदार सांगतो ते सूत खरे आहे का, हे पाहायचे असेल तर झालरीचा सुटा धागा मागून घ्या आणि घरी मोठ्या माणसांनी तो चिमट्यात धरून जाळावा. मुलांनी फक्त पाहावे आणि वास घ्यावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की ती विझते. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

घरात कोणाला दमा असेल तर दाट लवेचा गालिचा टाळावा. लवेत धूळ आणि धुळीतले सूक्ष्म कीटक साठतात. धुता येणारी कापसाची दरी त्या घराला योग्य.

पडू नये म्हणून

ज्या घरात आजी-आजोबा आहेत, त्या घरात रंग आणि नक्षी यांचा विचार नंतर. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर काहीही अंथरू नये. सुटी दरी नको आणि पायपुसणेसुद्धा सरकणारे नको. शहाबादी फरशीपेक्षा आताच्या गुळगुळीत फरश्यांवर गालिचा अधिक सहज सरकतो. त्याखाली घालायची रबरी जाळी बाजारात मिळते. ती गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी इंचभर लहान कापून घालावी. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी कडा पातळ आणि सपाट हवी. जाड लवेत काठीचे टोक रुतते. शिवाय गालिच्याचा रंग फरशीपेक्षा वेगळा असावा, म्हणजे मंद उजेडात कड कोठे सुरू होते ते नजरेला कळते. फरशीत मिसळून जाणारा रंग दिसायला छान वाटतो, पण थकलेल्या डोळ्यांना तो फसवतो.

आपला पावसाळा

बेळगावात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे गालिच्याची काय कथा! जमिनीची ओल वर येते आणि खालची बाजू आंबट वास मारू लागते. म्हणून मृगाच्या आधी मोठा गालिचा उन्हात पसरून दोन्ही बाजूंनी झटकावा, पूर्ण वाळल्यावर गुंडाळावा आणि फळीवर किंवा कपाटावर उंच ठेवावा. घडी घालू नये, घडीवर ताणा मोडतो. लोकरीचा असेल तर गुंडाळताना आत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा आणि मधून एकदा उघडून पाहावा. कसर शांत, अंधाऱ्या जागी वाढते. पावसाळ्याचे चार महिने साधी दरी पुरे.

काही सांडले तर चोळू नका. कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या, कडेकडून मधे या. हळदीचा डाग पडला तर साबण लावताच तो लाल होतो. विज्ञानाच्या तासाला हळदीच्या कागदावर तुम्ही हे पाहिले आहे. घाबरू नका. कापसाची दरी स्वच्छ धुऊन कडक उन्हात घातली की हळदीचा रंग उन्हानेच फिका होत जातो. आणि दर सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फेरा फिरवून घाला, म्हणजे एकाच बाजूला ऊन आणि पाय लागत नाहीत.

घराजवळचा नवलगुंद

चांगली दरी शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले नवलगुंद हे गाव जमखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील विणकरांचे पूर्वज आदिलशाहीच्या काळात विजापूरहून आले, असे परंपरेने सांगतात. तेथे हे काम मुस्लिम घरांतल्या स्त्रिया उभ्या मागावर करतात. मोर, पक्षी आणि सोंगट्यांचा पट ही त्यांची ओळखीची नक्षी. नमाजासाठीचे लहान आसनही त्या विणतात. २०११ साली नवलगुंदच्या दरीला भौगोलिक निर्देशांक म्हणजे जीआय मिळाला. वरंगळच्या दरीला तो २०१८ साली मिळाला. जीआय म्हणजे त्या गावाच्या नावाने दुसरीकडचा माल विकायला कायद्याने मनाई. पण नावाचे रक्षण झाले म्हणून पोट भरत नाही. नवलगुंदमध्ये आता विणणाऱ्या स्त्रिया मोजक्याच उरल्या आहेत. यंत्रावरची दरी स्वस्त मिळते आणि गिऱ्हाईक पाठ न पाहता तीच उचलते. शहापूर-वडगावच्या विणकर घरांतून शाळेत येणाऱ्या मुलांना हे मी वेगळे सांगायला नको.

गाठी कोणाच्या बोटांनी?

आता एक गणित. एका गालिच्याच्या पाठीवर एका इंचात आडव्या १० आणि उभ्या १० गाठी आहेत, म्हणजे चौरस इंचात १००. गालिचा ८ बाय १० फूट, म्हणजे ८० चौरस फूट. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच. एकूण गाठी ११ लाख ५२ हजार! समजा एक कारागीर दिवसाला ६,००० गाठी मारतो. तर एकट्याला १९२ दिवस लागतील.

हा आकडा मनात ठेवून भाव ऐका. तो फारच कमी वाटला, तर राहिलेले पैसे कोणीतरी सोसले आहेत. उत्तर भारतातल्या गालिच्यांच्या पट्ट्यात ते कैक वर्षे लहान मुलांनी सोसले. तुमच्या वयाची, तुमच्याहून लहान मुले दिवसभर मागापुढे बसत. १९८६ च्या बालकामगार कायद्याने गालिचे विणण्याच्या कामाला चौदा वर्षांखालील मुले लावण्यास मनाई केली. २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या उद्योगातली शाळेव्यतिरिक्तची मदत आणि बालकलाकारांचे काम असे अपवाद सोडून चौदा वर्षांखालील मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आली. कैलाश सत्यार्थी यांनी १९९४ साली 'रगमार्क' ही खूणचिठ्ठी सुरू केली. बालमजुरीविना बनलेल्या गालिच्यांना ती लावत. २००९ पासून तिचे नाव 'गुडवीव्ह' आहे. सत्यार्थींना २०१४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशी चिठ्ठीही गालिच्याच्या पाठीवरच असते. हाताने गाठी मारलेला गालिचा घेताना ती शोधा, आणि नसेल तर दुकानदाराला विचारा. विचारणारी गिऱ्हाइके वाढली की माल आणणारेही विचारू लागतात.

गृहपाठ

या सुट्टीत प्रत्येकाने घरातल्या एका खोलीचा आराखडा काढून आणावा. दार, पलंग, आणि आजी-आजोबांची चालायची वाट लाल रेषेने दाखवावी. त्या रेषेवर काही अंथरलेले असेल, तर ते उचलण्यासाठी घरच्यांशी बोलावे. घरात जुनी दरी असेल तर ती उलटी करून ताणा-बाणा ओळखावा आणि ती कोठून आली हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून दोन ओळी लिहाव्यात.

विश्वस्त मंडळालाही एक विनंती. स्नेहसंमेलनात रंगमंचावर अंथरायचा आपल्या शाळेचा जुना जमखाना सध्या अडगळीच्या खोलीत आहे. त्याची एक कड उसवली आहे, पण मी उलटा करून पाहिला, ताणा शाबूत आहे. तो मोडीत काढण्याऐवजी कड विणून घ्यावी आणि वाचनालयात अंथरावा.

आमचा तो सहा बाय नऊचा गालिचा आता माडीवर मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत आहे, खाली रबरी जाळी घालून. तिथे दार बाहेर उघडते. सोप्यात चार बाय सहाची दरी आली. ती आणायला आई स्वतः आल्या होत्या. बरा झालेला हात दरीवर न फिरवता त्यांनी आधी तिचा कोपरा उलटला, दोन बोटांनी सूत ताणून पाहिले आणि मग भाव विचारला.